जुन्या डिझेल मोटारीचा भार कोणाच्या शिरावर?

तालुक्याच्या गावी वापरात असलेल्या दहा-बारा वर्षांच्या लहान डिझेल मोटारीविषयी दोन मते हटकून ऐकू येतात. एका मताप्रमाणे ती सामान्य माणसाची मोटार. दुसऱ्याप्रमाणे ती धूर ओकणारी अडगळ, जिची जागा भंगारातच. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे. परंतु ही मोटार मुळात रस्त्यावर आली कशी, हा प्रश्न कोणीच विचारीत नाही; आणि तो विचारल्याखेरीज तिच्या आजच्या मालकाला न्याय मिळणे शक्य नाही.

डिझेल स्वस्त ठेवण्यामागील हेतू उघड होता. शेतकऱ्याचा पंप, एस.टी.ची बस आणि मालवाहू ट्रक यांना ते परवडावे. मोटार उद्योगाने या स्वस्ताईचा लाभ उठविला. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्यात तयार होणारी टाटांची इंडिका १.४ लिटरच्या डिझेल इंजिनासह बाजारात आली. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १५०० सी.सी.पर्यंत क्षमतेच्या डिझेल मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मुक्त झाले, डिझेलचे मात्र नियंत्रितच राहिले. परिणामी मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला सुमारे ७३ रुपये, तर डिझेल सुमारे ४१ रुपये अशी स्थिती आली. इतकी मोठी तफावत ही शासकीय धोरणाचीच निर्मिती होती. किरीट पारीख समितीने २०१० मध्येच डिझेल मोटारींवर जादा शुल्क बसवावे असे सुचविले होते. ती शिफारस त्या वेळी बासनातच राहिली.

पुढे वारे फिरले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचेही दर मुक्त झाले आणि जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलहून महाग झाल्याचे विपरीत दृश्य दिसले. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हे उत्सर्जनाचे कठोर निकष लागू होताच मारुतीने डिझेल मोटारी बनविणे थांबविले. ज्याने स्वस्ताईच्या काळात नवी मोटार घेतली, त्याने तिचा लाभ पुरेपूर घेतला आणि ती विकून टाकली. उरलेला भार दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या शिरावर आला.

हा मालक हिशेबात फसतो तो येथेच. समजा, पेट्रोल १०० रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. पेट्रोलची मोटार लिटरला १६ किलोमीटर जाते आणि डिझेलची २०. म्हणजे किलोमीटरमागे पावणेदोन रुपये वाचले. महिन्याला अडीच हजार किलोमीटर धावणाऱ्या भाडोत्री मोटारीला यातून वर्षाकाठी ५२,५०० रुपयांची बचत होते. परंतु महिन्याला जेमतेम ५०० किलोमीटर फिरणाऱ्या शिक्षकाची किंवा छोट्या दुकानदाराची बचत साडेदहा हजारांवर थांबते, आणि इंजेक्टर, टर्बो किंवा क्लच यांपैकी एकाच्या दुरुस्तीत ती साफ होऊ शकते. जुनी मोटार विकत घेताना भरलेली किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो.

दुरुस्तीचे स्वरूपही पालटले आहे. आरंभीच्या इंडिकाचा यांत्रिक पंप अनुभवी मेस्त्री उघडू शकत असे. नंतरच्या कॉमन रेल इंजिनात इंधन अतिशय उच्च दाबाने सोडले जाते. त्यात पाणी किंवा कचरा शिरला की पंप आणि इंजेक्टर निकामी होतात. म्हणून वेळेवर ऑइल बदलणे, डिझेल फिल्टरमधील पाणी काढणे, टायमिंग बेल्ट असल्यास तो मुदतीत बदलणे ही पथ्ये पाळावीच लागतात. दोष शोधण्यास मात्र स्कॅनर लागतो, आणि त्यामागील तांत्रिक माहिती बव्हंशी कंपन्यांच्याच हाती राहते. चार इयत्ता शिकून हाताने विद्या मिळविलेला मेस्त्री अशा रीतीने बाजूला पडतो, आणि गिऱ्हाईक महागड्या अधिकृत केंद्राच्या दारी जाते.

याचा अर्थ धुराकडे काणाडोळा करावा असा नव्हे. डिझेलचा धूर मानवात कर्करोग घडवितो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केले. डिझेल मोटारीने किलोमीटरमागे सोडावयाच्या कणांची मर्यादा स्टेज तीनमध्ये ५० मिलिग्रॅम, चारमध्ये २५ आणि सहामध्ये ४.५ अशी उतरत गेली. रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईच्या फुफ्फुसाला मोटारीचा मालक श्रीमंत की गरीब हे कळत नाही.

प्रश्न आहे तो उपायाची किंमत कोणी मोजावयाची हा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती उचलून धरली. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून होणाऱ्या कारवाईपासून स्टेज चार व त्यापुढील वाहनांना संरक्षण दिले. वयापेक्षा उत्सर्जनाकडे वळलेली ही दृष्टी योग्य होय. परंतु ती खरी ठरण्यास तपासणीही खरी हवी. डिझेल वाहनाच्या नेहमीच्या पी.यू.सी. चाचणीत धुराची दाटी तेवढी मोजली जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे तीत सापडतच नाहीत.

वाहन मोडीत काढण्याच्या २०२१ च्या धोरणाचीही तऱ्हा तीच. करातील सवलत मिळते ती जुनी मोटार देऊन नवी घेणाऱ्यास. ज्याला नवी घेणे परवडतच नाही, त्याच्या हाती भंगाराचे पैसे तेवढे पडतात. ती सवलत रोख मोबदल्याच्या रूपाने त्याला मिळाली पाहिजे, दुरुस्तीची तांत्रिक माहिती गावच्या मेस्त्रीलाही खुली झाली पाहिजे आणि रात्रीची एस.टी. गावापर्यंत पोहोचली पाहिजे. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली ती याच गरजेपोटी. शेवटची बस संध्याकाळी सहाला सुटत असेल, तर आजारी म्हाताऱ्याला रात्री जिल्ह्याच्या इस्पितळात नेण्यासाठी त्याच्या मुलाने जुनी डिझेल मोटार घेतली, यात त्याचा गुन्हा कोणता? शासनाने दिलेल्या आमिषाचे देणे शेवटच्या ग्राहकाकडून वसूल करणे यास पर्यावरणनीती म्हणता येणार नाही.