प्रत्येक मुलाला वाचता येईल असे पुस्तक द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री, शिक्षण आयुक्त, तसेच बालभारती, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि राज्य मंडळ यांचे प्रमुख यांस,



2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आणि सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली. अंध, कर्णबधिर, स्वमग्न आणि अध्ययन अक्षमता असलेली मुले साध्या शाळांच्या पटावर आली. पाठ्यपुस्तक मात्र अजूनही एकाच प्रकारच्या मुलासाठी तयार होते: ज्याला स्पष्ट दिसते, ऐकू येते आणि छापलेली ओळ सहज वाचता येते. बाकीच्यांनी आपापली सोय पाहायची. ही रीत बदलावी, यासाठी हे पत्र.

वाचन कानांनी होते, बोटांनी होते, चित्रांनी होते, हातांच्या खुणांनीही होते. ही सगळी साक्षरताच आहे आणि शाळेने ती साक्षरता म्हणूनच शिकवली पाहिजे.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचे उदाहरण घ्या. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, दुसरी नंतर. उच्चार मात्र दोन्हींचा व्यंजनानंतरच. ‘सूर्य’मधला र डोक्यावर चढतो, ‘ग्रह’मधला पायाशी बसतो. या मुलाला पानिपतच्या लढाईची कारणे ऐकून नेमकी सांगता येतात. वाचून सांगायची म्हटली की तो पहिल्या जोडाक्षरापाशी अडतो. त्याला धडा ऐकू यावा आणि ऐकू येणारा शब्द त्याच वेळी पडद्यावर उजळावा, एवढी सोय साध्या मोबाइलवर होऊ शकते.

अंध मुलांसाठी ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ असतो, आणि दोन्ही मराठी वाचतात. त्यांना लागतो तो युनिकोडमधला मजकूर. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली पीडीएफ समोर आली की ते निरर्थक अक्षरे बोलू लागतात. पान स्कॅन केलेले असेल, तर गप्प होतात. चित्र म्हणून टाकलेले समीकरण आणि वर्णन नसलेला नकाशा तर मुलापर्यंत पोहोचतच नाही. दोष यंत्राचा नाही, फाइल तयार करण्याच्या पद्धतीचा आहे.

मात्र ऑडिओ आला म्हणून ब्रेल मागे टाकू नका. ऐकून आशय कळतो. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे आणि गणिताची मांडणी बोटांखाली पक्की होते.

अनेक कर्णबधिर मुलांसाठी छापील मराठी ही दुसरी भाषा असते. एनसीईआरटीची पुस्तके भारतीय सांकेतिक भाषेत आणण्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राशी 2020 मध्ये करार झाला. आपल्या राज्याच्या पुस्तकांसाठीही तसेच काम हवे. न बोलणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईत ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचे मोफत अ‍ॅप तयार झाले आहे आणि ते मराठीतही चालते. ते किती वर्गांत वापरले जाते, हे आपणच तपासून पाहावे.

कॉपीराइट कायद्याचीही अडचण नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुगम रूपांतर करायला कॉपीराइट आड येत नाही. अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना पुस्तके मिळावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला तर 2014 मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली ती भारतानेच.

म्हणून चार मागण्या.

एक, नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत आहे. त्याचे प्रत्येक पुस्तक छापील प्रतीबरोबरच युनिकोड ई-पुस्तक म्हणून प्रसिद्ध करा. त्यात चित्रांची वर्णने आणि वाचता येणारी समीकरणे हवीत. ब्रेल प्रतही त्याच फाइलमधून काढता येईल.

दोन, पुस्तकातल्या क्यूआर कोडमागच्या चित्रफितींना मराठी मजकूरपट्टी आणि सांकेतिक भाषा जोडा.

तीन, प्राथमिक स्तरावर 10 आणि त्यापुढे 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले. त्याप्रमाणे नेमणुका करा आणि वर्गशिक्षकांनाही ही साधने प्रत्यक्ष हाताळून शिकवा. न शिकवता दिलेला टॅब कपाटात जातो.

चार, मूल जसे शिकले तशीच त्याची परीक्षा घ्या. वर्षभर संगणकावर लिहिणाऱ्या मुलीला परीक्षेत केवळ लेखनिकावर सोडू नका. ब्रेल, संगणक, मोठा टाइप यांतून निवड करू द्यावी, असे केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनीही सांगितले होते.

या अटी पुढच्या छपाईच्या आदेशातच लिहा आणि कोणत्या इयत्तेची पुस्तके कधी मिळतील याचे वेळापत्रक जाहीर करा. तयार पुस्तके तपासायला दिव्यांग विद्यार्थ्यांनाच बोलवा. त्यांनी ‘वाचता येते’ म्हटल्यावरच ती शाळांत पाठवा.

आपली,
एक विशेष शिक्षिका