नव्या रायफलीची पहिली सफाई

स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ०.२२ इंची काडतुसाच्या रायफलीनें कांस्यपदक जिंकलें. तसल्याच काडतुसाची नवी रायफल आमच्या पुतण्यानें रीतसर परवाना काढून आणली. कारखान्यांतील तेल पुसण्यासाठीं ती उघडायची होती; पण 'नवीच आहे, रिकामीच असणार!' असें म्हणून स्वारीनें आधीं चापच ओढला. वाचकहो, प्रथम मॅगझीन काढावें, बोल्ट मागें ओढून काडतुसाचें घर डोळ्यांनीं व बोटानें तपासावें. नंतर बोल्ट काढून सळई शक्यतों मागूनच घालावी. पुढच्या तोंडाची कड झिजली कीं नेम बिघडतो. या काडतुसाचा पेटता मसाला बुडाच्या कडेंत असतो. म्हणून कांहीं रायफलींत रिकाम्या घरावर चाप ओढल्यास फायरिंग पिन थेट घराच्या कांठावर आपटते. आमच्या रायफलीला तेथें बारीकशी खांच पडली आहे.