विंचू, जळू आणि हृदयाच्या पेशी



हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी बंद पडते आणि प्राणवायूवाचून हृदयाच्या पेशी मरू लागतात. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या जवळजवळ तयार होत नाहीत. डॉक्टर फुगा घालून वाट मोकळी करतात; पण पुष्कळदा मोठी वाहिनी उघडते आणि केसाहून बारीक वाहिन्या बंदच राहतात. शिवाय एकदम परतलेले रक्तही पेशींना इजा करते.

या दुखण्यावर चीनमध्ये 'तोंगशिनलुओ' ही कॅप्सूल वापरतात. पारंपरिक चिनी वैद्यकावर आधारलेल्या या मिश्रणात जिनसेंग व चंदन आहे, तसेच विंचू, गोम आणि जळूही आहे! (ती बनवणारी कंपनी शीजियाझुआंगची. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची समाधी त्याच शहरात आहे.) प्राण्यांवरील प्रयोगांत तिने बारीक वाहिन्यांचे अस्तर सांभाळले आणि पेशींचे मरण कमी केले, असे दिसले.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. परंपरेचा दाखला देऊन चिनी डॉक्टर थांबले नाहीत. १२४ रुग्णालयांतील ३,७७७ रुग्णांपैकी निम्म्यांना खरी कॅप्सूल दिली, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी पोकळ. कोणाला कोणती, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. तीस दिवसांत हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा तातडीने पुन्हा वाहिनी उघडावी लागणे, असे प्रसंग पोकळ कॅप्सूलवाल्यांत ५.२ टक्के, तर खरी घेणाऱ्यांत ३.४ टक्के. म्हणजे हजारामागे असे अठरा प्रसंग टळले. चमत्कार नव्हे, पण थोडकेही नव्हे. मात्र ही चाचणी केवळ चीनमध्ये झाली. इतरत्रही व्हायला हवी.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते: परंपरा आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या रुग्णांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या, कॅप्सूल वरून दिली होती. आमच्या वस्त्यांतून मात्र कोणी चूर्णाची पुडी दिली की आधी डॉक्टरची गोळी बंद होते! दुसरी एक चिनी मुळी आहे, डानशेन. तीही हृदयासाठीच घेतात. पण वॉरफरिनसोबत घेतल्याने रक्त अति पातळ होऊन रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. ज्यांच्या हृदयाची झडप बदलली आहे, त्यांनी कोणतीही मुळी किंवा काढा सुरू करण्याआधी ती पुडी डॉक्टरांसमोर ठेवावी.