वठलेलं झाड उभं राहू द्या

कुठल्या रानात कोणते पक्षी दिसले याच्या नोंदी आता शाळकरी मुलंही मोबाइलवर करतात आणि त्या मोलाच्याच आहेत. पण पक्षी तिथे काय खातो, झाडाच्या कुठल्या भागावर चरतो, हे पाहत थांबणारे फार थोडे. रानाची निगा कशी राखायची याचं उत्तर मात्र याच निरीक्षणात आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडील सूचिपर्णी जंगलांत एकाच जातीच्या झाडांवर किडे खाऊन जगणाऱ्या पाच जातींच्या चिमुकल्या पक्ष्यांचा अभ्यास करून रॉबर्ट मॅकआर्थर यांनी १९५८ साली दाखवून दिलं, की कोणी शेंड्याकडे, कोणी फांदीच्या टोकांना, तर कोणी खाली बुंध्यालगत चरतं. म्हणूनच ते एकत्र नांदू शकतात.

आपल्या सह्याद्रीतही हेच दिसतं. सोनपाठी सुतार शेपटीची ताठ पिसं बुंध्याला टेकवून वर सरकतो आणि साल ठोकून आतल्या अळ्या, मुंग्या काढतो. मखमली शिलींध्री त्याच बुंध्यावरून डोकं खाली करून, शेपटीचा आधार न घेता उतरते. वर पानोऱ्यात निखार, खाली पाचोळा उलथणारे सातभाई, आणि या सगळ्यांच्या धांदलीत उडालेले किडे हवेतल्या हवेत टिपणारा कोतवाल. अशा रानात ‘साफसफाई’ म्हणून वठलेली झाडं तोडणं, झुडपं छाटणं, पाचोळा झाडून नेणं म्हणजे या पक्ष्यांपुढचं ताट ओढून घेणं आहे. हिरवी झाडं तेवढीच राहतात, पण खाणं जातं. सुताराने कोरलेल्या ढोल्यांत घरटी करणाऱ्या इतर पक्ष्यांचा निवाराही जातो.

वठलेल्या झाडातून कीड पसरते, असं म्हणतात. पण मेलेलं लाकूड पोखरणारे बहुतेक किडे निरोगी झाडाच्या वाटेला जात नाहीत. खरोखरच साथ आली, तर तेवढी झाडं जरूर काढावीत. वणव्याचा मुद्दा वजनदार आहे. जाळरेषांवरचा पाचोळा काढलाच पाहिजे. रस्त्यावर, पायवाटेवर झुकलेलं झाडही उतरवावं. गावकऱ्यांच्या मोळीची गरज खरी आहे आणि ती पडलेल्या काटक्यांतून भागवता येईल. या जागा सोडून उरलेल्या रानातली वठलेली झाडं वन विभागाने उभीच ठेवावीत. पक्षिमित्रांनीही यापुढे नावाबरोबर पक्षी कशावर, किती उंचीवर चरत होता, तेवढी एक ओळ नोंदीत लिहावी.