फादर हेरास यांचा धडा

धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवायला १९२२ साली एक स्पॅनिश पाद्री आले. नाव हेन्री हेरास, जन्म १८८८चा, बार्सिलोनाचा. इथे येऊन त्यांनी हिंदुस्थानचाच इतिहास हाती घेतला. १९२६ साली कॉलेजातच संशोधन संस्था काढली. १९५५ साली ते वारले. संस्था आज त्यांच्याच नावाने चालते.

त्याच १९२६ साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी इतिहासलेखनाच्या पद्धतीवर एक पुस्तक लिहिलं. साधनं कशी शोधावीत, कशी पारखावीत, हा त्याचा विषय.

आपल्याला ही शिस्त परकी नाही. हदीस जमवणाऱ्यांनी सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकलं, हे आधी तपासलं. ऐकीव हकिकतींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, असं इब्न खल्दूननेही बजावलं.

आज मुलांच्या मोबाइलवर रोज नवा ‘इतिहास’ येतो. त्यात आपली निंदा असली की आपण पुरावा मागतो. खोटी वाहवा असली की तोच मजकूर सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. मुलं हे पाहत असतात. दोन्हींना कसोटी एकच हवी.

सुरुवात घरातूनच करा. पेटीत आजोबांची सनद, मोडी किंवा फारसी कागद, जुना निकाहनामा असेल तर रद्दीत घालू नका. जाणकाराकडून वाचून घ्या आणि त्या वेळी मुलांना शेजारी बसवा.