सही करताना कुठला पडदा वाचता?

हार्डवेअर वॉलेट घेतलं की काळजी मिटली, असं मानणारी मंडळी हल्ली ठाणे, डोंबिवली, कल्याण पट्ट्यात बरीच भेटतात. आयटीत नोकरी, घराचा हप्ता चालू, आणि बाजूला थोडे बिटकॉइन, थोडं इथर. नफ्यावर सरकार २०२२ पासून ३० टक्के कर घेतं, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजाही करू देत नाही, तरी हौस ओसरलेली नाही. त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, ‘यंत्र मोबाइलच्या अ‍ॅपला जोडायचं कसं?’ जोडणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. पेनड्राइव्हएवढं यंत्र सुरू करायचं, चार ते आठ आकडी पिन घालायचा, मोबाइलचं ब्लूटूथ लावायचं, दोन्ही पडद्यांवर एकच आकडा आला की होकार द्यायचा. ब्लूटूथ नसेल तर ओटीजी केबल. शेजारचा कॉलेजातला मुलगाही पाच मिनिटांत करून देईल. (त्याला करू देऊ नका, ही गोष्ट वेगळी.)

जोडल्यावर आत काय होतं, ते मात्र समजून घ्यायला हवं. पैशांची गुप्त किल्ली यंत्रातून कधी बाहेर येत नाही. मोबाइल फक्त व्यवहाराचा मसुदा पाठवतो, यंत्र त्यावर सही करून परत देतं. त्यामुळे मोबाइलमध्ये व्हायरस शिरला तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही. पण मसुदा? तो मोबाइलवरच तयार होतो. तिथे पत्ता बदलला, रक्कम बदलली, तर यंत्र बिचारं समोर येईल त्यावर सही करणार. अडवायला उरता फक्त तुम्ही आणि यंत्रावरचा तो बोटभर पडदा.

ही भीती पुस्तकी नाही. १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या आसपासची रक्कम गेली. ज्या वॉलेटमधून गेली त्याला चार सह्या लागत. तीन वझीरएक्सच्या माणसांच्या आणि चौथी लिमिनल या सांभाळ करणाऱ्या कंपनीची. वझीरएक्सचे तिघेही सही हार्डवेअर वॉलेटवरूनच करत. कंपनीचं म्हणणं असं, की समोरच्या पडद्यावर दिसत होतं एक आणि प्रत्यक्ष सही झाली दुसऱ्याच मजकुरावर. लिमिनलने आपली यंत्रणा फुटल्याचं नाकारलं. कोण खरं, हा वाद बाजूला ठेवू. सह्या हार्डवेअर वॉलेटवरूनच झाल्या, तरी पैसे गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने मिळून याचं खापर उत्तर कोरियावर फोडलं. पुढच्याच महिन्यात बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले, तेही पडद्यावर भलतंच दाखवून सह्या घेऊनच. ज्यांचा हा रोजचा धंदा, ते फसले. आपण तर पत्ता बघतो तो सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून.

साधं बिटकॉइन पाठवताना यंत्र पूर्ण पत्ता आणि रक्कम दाखवतं. इथेरियमवरच्या करारांचं तसं नाही. तिथे बऱ्याचदा नुसती अक्षर-आकड्यांची माळ येते आणि सेटिंगमध्ये ‘ब्लाइंड सायनिंग’ चालू करायला सांगतात. ही कोऱ्या चेकवरची सही आहे. ते बंदच ठेवा. अडलेला व्यवहार अडू द्या. दुसरं, इथेरियमचा पत्ता ४२ अक्षरांचा असतो आणि आपण पहिली चार, शेवटची चार जुळवून मोकळे होतो. भामट्यांना ही सवय ठाऊक आहे. ते पुढून-मागून जुळणारा पत्ता बनवून तुमच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत घुसवतात, म्हणजे तुम्ही तिथूनच कॉपी कराल. तेव्हा मधली अक्षरंही वाचायची, आणि वाचायची ती यंत्रावर.

अ‍ॅप खोटं निघालं तर? नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या नावाचं बनावट अ‍ॅप थेट मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये लागलं होतं आणि त्यात लोकांचे लाखो डॉलर गेले. ओळखायची खूण एकच. यंत्र पहिल्यांदा सुरू करताना कागदावर उतरवून घेतलेले, किल्ली परत मिळवून देणारे तुमचे २४ शब्द खरं अ‍ॅप जोडताना कधीच मागत नाही. मागितले, की तिथेच थांबायचं.

अर्थात, नाणंच खोटं असेल तर कुठलंही यंत्र वाचवत नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी उघड केलेलं ‘मनी ट्रेड कॉइन’ प्रकरण आठवा, तेव्हा आकडा सुमारे पाचशे कोटींचा सांगितला जात होता. आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली की काय होतं, त्यासाठी पुण्याकडे बघा. बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी अटक केली, त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. आरोप असा, की आरोपींच्या वॉलेटमधली नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली.

म्हणून खरा ऐवज तो २४ शब्दांचा कागद. यंत्र हरवलं तर दुसरं मिळतं. कागदाचा मोबाइलवर फोटो काढणाऱ्याने यंत्रावर पैसे घालवू नयेत. ज्यांनी २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलाय, त्यांना कागदाचा भरवसा सांगायला नको. हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांचे पंच आणि स्टीलची पट्टी आणा आणि घरीच ठोका. शब्द २०४८च्या ठरलेल्या यादीतले असतात, पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक ओळखता येतो, त्यामुळे पूर्ण शब्दाची गरज नाही. बाहेरून कोरून घेऊ नका, कारण कोरणाराही वाचतो. पट्टी बँकेच्या लॉकरमध्ये. क्रिप्टोला वारसनोंद नाही, लॉकरला आहे. पण लॉकर उघडणाऱ्या बायकोला किंवा मुलाला ती पट्टी कशाची हे आधी सांगितलेलं असलं पाहिजे, नाहीतर ती भंगारात जाईल.

रक्कम पाच-दहा हजारांचीच असेल तर हा खटाटोप कशाला? मोठी असेल तर आधी पाचशे रुपयांचं नाणं यंत्राच्या पत्त्यावर पाठवा. मग तीनदा चुकीचा पिन घाला, काही यंत्रं त्यावर स्वतःला पुसून टाकतात. तुमचं तसं नसेल तर सेटिंगमधून पुसा. आता पट्टीवरून शब्द एकेक करून यंत्राच्याच बटणांनी भरा आणि पाचशे रुपये परत दिसतात का पाहा. दिसले, तर बाकीचे हलवा.