चाकांवरचे घर आणि नाकावरचा भरवसा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील माझ्या दवाखान्यात गेल्या महिन्यात एक जुने रुग्ण सपत्नीक आले. टॉवेलच्या कारखान्यात पस्तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले आहेत. वय अडुसष्ट, रक्तदाब आणि मधुमेह, दोन्ही औषधांनी आटोक्यात. त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली होती आणि वसाहतीतल्याच एका फॅब्रिकेटरकडे तिचे फिरते घर करवून घेत होते. गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर असे जवळचे आधी करायचे आणि अंग साथ देईल तोवर पुढे नर्मदाकाठापर्यंत जायचे, असा त्यांचा बेत होता. “डॉक्टर, आम्हा दोघांची तब्येत प्रवासाला योग्य आहे एवढे सांगा,” असे म्हणून त्यांनी गाडीचा हाताने काढलेला आराखडा माझ्यापुढे ठेवला.

आराखडा नेटका होता. दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, लहानसे स्नानगृह, त्यात गॅस गिझर. गॅसचा सिलिंडर मात्र काकूंच्या पलंगाखाली दाखवला होता. मी त्याबद्दल विचारताच काका हसून म्हणाले, “वास आला की बंद करू. त्यात काय एवढे?”

मी त्यांना डोळे मिटायला सांगितले, कंपाउंडरकडून कॉफीची डबी मागवून त्यांच्या नाकाशी धरली आणि हे काय आहे ते विचारले. काकांनी दोनतीनदा श्वास ओढला आणि म्हणाले, “काही नाही. रिकामी आहे.” क्षणभर कोणीच बोलले नाही. मग काकू म्हणाल्या, “अहो, म्हणूनच परवा आमटी करपली तरी तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होतात!”

वाचकहो, रक्तदाबाचे आकडे त्या दिवशी उत्तम होते. तरीही तो आराखडा तसाच प्रत्यक्षात आला असता, तर मी त्यांना प्रवासाला योग्य ठरवू शकलो नसतो. आजचा लेख त्याच आराखड्याविषयी आहे. फिरते घर सर्वांकडे नसते हे खरे. परंतु यात्रेला निघालेल्या मिनीबसमध्ये, दिंडीच्या ट्रकमध्ये किंवा कुटुंबाच्या मोठ्या गाडीत शेगडी आणि सिलिंडर नेणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या सर्वांना हे लागू आहे.

नाक वयाबरोबर थकते

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. म्हणजेच या सुरक्षेची पहिली पायरी आपल्या नाकावर उभी आहे. साठीनंतर घ्राणशक्ती हळूहळू उतरते. दीर्घकाळचे धूम्रपान, जुनी सर्दी, नाकातील कोंब, मधुमेह आणि कोविडनंतरचे परिणाम यांमुळे ती आणखी मंदावते. कंपवात आणि स्मृतिभ्रंश यांत तर ती इतर लक्षणांच्या बरीच आधी कमी होऊ शकते. हा ऱ्हास इतका सावकाश होतो की तो ज्याचा त्याला कळत नाही. शिवाय निरोगी नाकही एकाच वासाला काही मिनिटांत सरावते, आणि गाढ झोपेत वासाने जाग येईलच याचा भरवसा नसतो.

घरातील ज्येष्ठांची परीक्षा तुम्हीच घेऊ शकता. त्यांना डोळे मिटायला सांगून कॉफी, हिंग आणि लवंग एकेका नाकपुडीशी धरा व वस्तू ओळखायला सांगा. बाम किंवा कापूर वापरू नका. त्यांचे झोंबणे निराळ्या चेतातंतूंना कळते आणि घ्राणशक्ती शाबूत असल्याचा भ्रम होतो. तीनपैकी दोन वस्तू ओळखता आल्या नाहीत, तर त्या व्यक्तीच्या नाकावर गॅसची राखण सोपवू नये आणि कारण शोधण्यासाठी डॉक्टरांना दाखवावे.

पुन्हा भरता येणारी टाकी: तिकडची आणि इकडची

काकांच्या मुलाने त्यांना परदेशातील फिरत्या घरांची चित्रफीत पाठवली होती. युरोपात अशा गाड्यांत पुन्हा भरता येणारे सिलिंडर कायमचे बसवतात. गाडीच्या बाहेरच्या अंगाला भरण्याचे तोंड असते आणि ऑटो एलपीजीच्या पंपावर ते भरून घेता येतात. आत तरंगत्या गोळ्याची झडप असते आणि टाकी 80 टक्के भरली की ती गॅस आपोआप थांबवते. उरलेली जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, कारण द्रवरूप गॅस तापला की पाण्याच्या कैक पटींनी प्रसरण पावतो. उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जाणाऱ्या सोलापुरात उन्हात उभी असलेली गाडी किती तापते, हे तुम्हाला निराळे सांगायला नको. काठोकाठ भरलेल्या टाकीत त्या वेळी प्रसरणाला जागाच उरत नाही.

काकांना तशीच सोय हवी होती. परंतु आपल्याकडे ऑटो एलपीजीच्या पंपावर वाहनाच्या इंधनासाठी मंजूर झालेल्या, गाडीत कायम बसवलेल्या टाकीतच गॅस भरता येतो. स्वयंपाकाचा सिलिंडर तेथे भरून घेणे बेकायदा आहे. इंजिनाच्या टाकीला फाटा काढून शेगडी जोडण्याची युक्तीही कोणी सुचवील. ती टाळा. त्या टाकीतून गॅस द्रवरूपात बाहेर पडतो आणि शेगडीला तो वायुरूपात लागतो. द्रव बर्नरपर्यंत पोहोचला तर ज्वाळा आवरता येत नाही. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस ओतून देणारी दुकाने कोठेकोठे चालतात. तो प्रकार कायद्याने निषिद्ध आहेच, शिवाय त्यात 80 टक्क्यांची मर्यादा कोणी पाळत नाही.

मग आपल्यासाठी योग्य काय? अधिकृत कंपनीचा, मुक्त विक्रीचा 5 किलोचा सिलिंडर. तो ओळखपत्र दाखवून मिळतो, आणि संपला की स्वतः भरण्याऐवजी भरलेला बदलून घ्यायचा असतो. दोघांच्या चहा-स्वयंपाकाला दिवसाला 200 ग्रॅम गॅस धरला, तरी एक सिलिंडर पंचवीस दिवस पुरतो. डॉक्टर म्हणून मला त्याचा आणखी एक गुण दिसतो. घरचा 14.2 किलोचा भरलेला सिलिंडर एकूण सुमारे 30 किलो वजनाचा असतो. साठीच्या पुढे तो गाडीत चढवताना पाठीचा मणका आणि हर्निया या दोघांचीही परीक्षा होते. लहान सिलिंडरचे वजन त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. घेताना त्यावरची चाचणीची मुदत वाचा. ए, बी, सी, डी ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दर्शवतात. ‘बी-28’ म्हणजे 2028 च्या जूनअखेरपर्यंत.

बसवताना

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की तो खाली उतरतो आणि पाण्यासारखा सखल जागी साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे 2 टक्के झाले की एक ठिणगी पुरते. गाडीच्या बंद डब्यात पलंगाखालची जागा ही नेमकी तशी सखल जागा असते. म्हणून सिलिंडरचा कप्पा स्वतंत्र असावा. त्याचे दार फक्त गाडीच्या बाहेर उघडावे, राहण्याच्या भागाकडून तो पूर्ण बंद असावा आणि त्याच्या तळाला खाली उघडणारे भोक असावे, म्हणजे गळलेला गॅस रस्त्यावर उतरून विरून जाईल. हे भोक सायलेन्सरपासून दूर हवे. त्या कप्प्यात बॅटरी, वायरी किंवा स्विच असू नयेत.

सिलिंडर उभाच ठेवून पट्ट्याने जखडावा. आडवा झाला की झडपेतून वायूऐवजी द्रव येऊ लागतो. रेग्युलेटर त्या सिलिंडरचाच अधिकृत असावा. कप्प्यापासून शेगडीपर्यंत धातूची नळी, तिला कमीत कमी जोड, आणि लवचीक तुकडा लागेल तेथे आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळी वापरावी. ती पाच वर्षांनी बदलावी. घरापेक्षा गाडीत धक्के अधिक बसतात, म्हणून प्रत्येक दूरच्या प्रवासाआधी साबणाचा फेस लावून सर्व जोड तपासावेत. काडी पेटवून कधीही तपासू नये. ज्वाळा विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी घ्यावी. विसरभोळेपणा सुरू झालेल्या घरात ती सोय औषधाइतकी मोलाची आहे.

नाकाची उणीव भरून काढायला दोन यंत्रे लागतात. गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र जमिनीलगत आणि कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला बसवावे. एक दुसऱ्याचे काम करत नाही. त्यांचा आवाज ज्येष्ठांना ऐकू येतो का, तोही श्रवणयंत्र काढून झोपल्यावर, हे एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

गाडीत असे बदल करण्यास आरटीओची मंजुरी लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 त्याविषयीच आहे. राज्य शासनाचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आले आणि अशा वाहनांसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानकही आहे. फॅब्रिकेटरला ते ठाऊक आहे का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

न दिसणारा दुसरा धोका

गळती न होताही गॅस जीव घेऊ शकतो. बंद जागेत हवा अपुरी पडली की ज्वाळा नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, गोंधळलेपण ही लक्षणे दिसली की आपण ‘पित्त झाले’ किंवा ‘प्रवासाचा शीण’ म्हणतो. हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखू लागते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते; ते हा विषारी वायू आणि प्राणवायू यांत फरक करू शकत नाही आणि आकडा चांगलाच दाखवते. खूण एकच लक्षात ठेवा: गाडीतल्या एकाहून अधिक जणांना एकदम त्रास होतो आणि मोकळ्या हवेत आल्यावर उतार पडतो. अशा वेळी सर्वांनी बाहेर यावे, 108 ला बोलवावे आणि कार्बन मोनॉक्साइडची शंका स्पष्ट शब्दांत सांगावी.

म्हणूनच शेगडीचा उपयोग ऊब मिळवण्यासाठी करू नये, स्वयंपाक करताना छताची आणि खालची हवेची जागा उघडी ठेवावी, आणि फिरत्या घराच्या स्नानगृहात गॅस गिझर बसवूच नये. ज्या ज्येष्ठांना ऑक्सिजन सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर लागतो, त्यांच्या गाडीत ज्वाळाच नको.

26 ऑगस्ट 2023 च्या पहाटे मदुराई स्थानकाच्या यार्डात उभ्या असलेल्या पर्यटक डब्याला आग लागली. लखनौहून निघालेले यात्रेकरू त्यात होते. परवानगी नसताना आत नेलेल्या सिलिंडरवर चहा करताना ती लागल्याचे रेल्वेने सांगितले. किमान नऊ जण गेले. आपल्या याच वसाहतीत 18 मे 2025 च्या पहाटे टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत, तेथेच राहणाऱ्या कुटुंबासह आठ जणांचा अंत झाला. या दोन आगींची तुलना मी करत नाही. पहाटेच्या झोपेतील माणसाला, त्यातही गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला, बाहेर पडायला वेळ लागतो, एवढेच मला सांगायचे आहे. फिरत्या घराला दोन वाटा हव्यात आणि दोन्हींतून तुमची आई प्रत्यक्ष उतरू शकते का, हे घड्याळ लावून पाहायला हवे.

गाडीत चिकटवून ठेवण्यासाठी

• गाडी चालू असताना आणि रात्री झोपताना सिलिंडरची झडप बंद.
• ज्वाळा निळी हवी. पिवळी दिसली की शेगडी बंद, दारे उघडी.
• वास किंवा इशारा आला की दिवा, पंखा, गाडीची किल्ली यांना हात लावू नये. लावू नये म्हणजे बंद करण्यासाठीही नाही. सर्वांनी बाहेर पडावे. झडप बाहेरून बंद करता आली तर करावी आणि दूर जाऊन 1906 या क्रमांकावर कळवावे.
• भाजल्यास वीस मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही नको. मधुमेहींनी पाय नीट पाहावेत. त्यांना चटका कळत नाही.

काका-काकू पंधरा दिवसांनी पुन्हा आले, नवा आराखडा घेऊन. पलंगाखाली आता चादरी होत्या. कप्पा मागच्या बाजूला, बाहेर उघडणारा. गिझर रद्द. दुपारच्या जेवणापुरते तरी अक्कलकोटच्या अन्नछत्रासारख्या ठिकाणी थांबायचे, आणि गाडीत केवळ चहा, भात, खिचडी करायची, असे काकूंनी ठरवून टाकले होते. “झडपेची किल्ली माझ्याकडे राहील,” असेही त्यांनी जाहीर केले. काकांनी मान डोलावली.

काकांना मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले आहे. प्रवासाला योग्य असल्याचा दाखला मात्र मी त्याच दिवशी लिहून दिला.